गाव लपवणारा पाटील

आप्पा, तुम्ही वारलात तेव्हा तुमचा सदरा माझ्या मशीनवर तसाच पडून होता. एक बाही लावलेली, दुसरी नुसती कापून ठेवलेली. मागच्या बाजारच्या दिवशी तुम्ही माप द्यायला आलात आणि नेहमीसारखे भांडून गेलात. मला खिसा बाहेरून लावायचा होता, तुम्हाला आतून हवा होता. "बाहिरचा खिसा म्हंजे आपल्यापाशी काय हाय ते लोकाला दावत फिरणं," असं तुमचं म्हणणं. मी म्हणालो, "तंबाखूच्या पिशवीबिगर काय असतंय आप्पा तुमच्या खिशात?" तुम्ही काठी उगारली, मग माझ्याच नावावर चहा मागवून प्यायलात. काल तुमच्या थोरल्यानं सदऱ्याची चौकशी केली. मी दुसरी बाही लावली, खिसा आतून लावला आणि सदरा त्याच्या हवाली केला. त्याला थोडा ढगळ होईल, पण अंगावर घालील म्हणाला.

खिशाचं भांडण असं मिटलं. आपलं मोठं भांडण मात्र राहून गेलं. तुम्ही सरकारचे का गावाचे, हे ते भांडण. मी मिसरूड फुटल्यापासून तुम्हाला हे विचारत आलो. दुकान चावडीच्या अगदी समोर, त्यामुळं मशीन चालवता चालवता मला तुमचं सगळं दिसायचं. तुम्ही कधी सरळ उत्तर दिलं नाही. "तू आधी काजं नीट कर," म्हणायचात.

निजामाच्या राज्यात तुम्ही गावचे पाटील. वसूलही तुमच्याकडं आणि फौजदारीही तुमच्याकडं. सरकारला गावाशी बोलायचं तर तुमच्या तोंडानं आणि गावाला सरकारशी बोलायचं तरी तुमच्याच तोंडानं. महसुलाचा गिरदावर घोड्यावरून दौऱ्यावर यायचा. त्याला कोंबडी लागायची, आणि तुमच्या घरात तर अंड्याचं नाव काढलं तरी तुमच्या मालकीणबाई, आमच्या अव्वा, विटाळ मानायच्या. मग साहेबाची कोंबडी आमच्या मुसलमानाच्या चुलीवर शिजायची आणि पाटलांचा पाहुणचार म्हणून चावडीवर जायची. माझी आई म्हणायची, "लिंगायताच्या घरची कोंबडी लई चवदार असती म्हणून सांगत असतील त्ये हैदराबादेत." तुम्हाला हे कळल्यावर तुम्ही हसून हसून खोकलात, तेही मला आठवतं.

त्या गिरदावराला घोंगड्याचा अर्थ मात्र कधी कळला नाही. लांबवर घोडा दिसला की तुम्ही चावडीच्या कट्ट्यावर आपलं काळं घोंगडं वाळत टाकायचात. बस्स. गावाला सांगावं लागायचं नाही. म्हशी ओढ्याच्या खालच्या अंगाला जायच्या, गाड्यांची चाकं निखळून भिंतीला लागायची, तरणी माणसं शिवारात पांगायची, लेकरं कडब्याच्या गंजीआड. कारण सरकारनं जे मोजलं ते सरकारनं नेलं, हा सगळ्यांचा अनुभव. गाड्या दिसल्या की गाड्या वेठीला, माणसं दिसली की माणसं वेठीला. मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतं तसं आपलं गाव घटकाभरात आटायचं. आणि मग तुम्ही हात जोडून पुढं व्हायचात, "हुजूर, बारकं गाव हाय."

गिरदावर काही दुधखुळा नव्हता. त्याला वास यायचा. मग तो चारचौघांत तुम्हाला उर्दूत नको नको ते बोलायचा. तुम्ही मान खाली घालून ऐकून घ्यायचात. आठ दिवसांनी त्याच गावात सारा वसूल करायला तुम्ही दारोदार जायचात, आणि ज्यांच्या म्हशी तुम्ही लपवलेल्या, तेच लोक तुमच्या माघारी बोटं मोडायचे. बोटं मोडणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा माझं रक्त गरम होतं आणि जगात दोनच बाजू असतात असं मला पक्कं ठाऊक होतं.

मग पोलीस ॲक्शन झालं, निजाम गेला, चावडीवर तिरंगा लागला. त्या दिवसांत आसपास काय काय झालं ते इथं काढत नाही. तुम्ही आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाज टाकून बसून राहिलात आणि गल्लीत कुणी शिरलं नाही, एवढंच लिहितो. त्याबद्दल मी तुम्हाला कधी शब्दानं काही बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही पुन्हा काजांचाच विषय काढला असता.

पुढं ग्रामपंचायत आली आणि लोकांनी मला सरपंच केलं. निकाल कळला तेव्हा तुम्ही माझ्या दुकानाच्या ओट्याशी येऊन म्हणालात, "चला, आता गावाला माप लावणारा आला." तेव्हापासून चारचौघांत मला तुम्ही 'सरपंच' म्हणायचात, ते असं ओढून की ऐकणाऱ्याला हसू यावं. एकटे असलो की हुसेन. पाटीलकी तुमच्याकडंच होती, पण चावडीत खुर्च्या दोन झाल्या. तुम्ही तुमच्या खुर्चीवर कधी बसला नाहीत. कट्ट्यावरच बसायचात, तिथून रस्ता दिसतो म्हणून.

आणि त्या रस्त्यानं एक दिवस जीप आली.

आपली शाळा तेव्हा चौथीपर्यंत. पुढं शिकायचं तर लोहाऱ्यापर्यंत पायपीट, आणि पोरींना तेवढ्या लांब कोण धाडणार? मी पंचायतीतर्फे सातवीपर्यंतच्या शाळेसाठी अर्ज केला होता. पटावर पोरं थोडी आहेत, पण गावात असली तर येऊन बघतो, असं शाळाखात्याच्या साहेबांनी कळवलं होतं. ते पुढच्या आठवड्यात येणार होते. आले आधीच, आणि तेही नेमके बाजारच्या दिवशी. मी दोरे-बटणं आणायला लोहाऱ्याला, शाळेचे मास्तरही बाजारात. गावात तुम्ही.

तुम्हाला धुरळा दिसला. जीप म्हणजे लेव्हीचे साहेब, धान्य मोजून नेणारे, एवढं नव्या राज्यातही तुम्ही बघितलं होतं. तुम्ही घोंगडं टाकलं. कितीतरी दिवसांत ते पडलं नव्हतं, पण गाव विसरलं नव्हतं. म्हशी गेल्या, चाकं निघाली, लेकरं कडब्यात गेली. साहेबाला जेवल्याबिगर काम विचारायचं नाही हा तुमचा रिवाज. भरल्या पोटाचा माणूस कमी मागतो, असं तुमचं गणित. हे साहेब खादीवाले, माळकरी, म्हणून पंगत तुमच्याच घरी बसली. आणि जेवताना साहेबांनी विचारलं, "पाटील, शाळेला येतील अशी पोरं गावात किती?"

"कुठली पोरं साहेब," तुम्ही म्हणालात. "बारकं गाव हाय."

साहेब जेवणाची तारीफ करून निघून गेले. मी तिसऱ्या प्रहरी बाजारातून आलो तर वेशीतच बिनचाकाच्या गाड्या. मला आधी हसूच आलं. म्हटलं आता आणखी कोण घोड्यावर बसून आलं? मग पाण्याला निघालेल्या बायांनी सगळं सांगितलं. मी पिशवी तिथंच टाकली आणि चावडीच्या पायऱ्या चढून तुम्हाला सगळ्या गावादेखत म्हणालो, "आप्पा, निजाम गेला, पण तुमच्यातला निजामाचा माणूस काय जाईना!" ते शब्द मी आजही मागं घेत नाही. तुमचं चुकलंच होतं. तुम्ही घोंगड्याची घडी घातली, खांद्यावर टाकली आणि घराकडं गेलात.

मी इतकी वर्षं समजत होतो की म्हाताऱ्याला राज्य बदललेलं कळलंच नाही. परवा अव्वांना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी खरं सांगितलं. "त्येंनी पैला घास घेतला आन् सायबानं शाळेचं नाव काढलं बघ," अव्वा म्हणाल्या. "घास हातातच राहिला. मला आत येऊन म्हणाले, आता काय करू? पोरं कडब्यात हायत. बाहिर काढावं तर गाव खोटं पडतंय, न्हाय काढावं तर शाळा जातीय. म्या म्हणलं, काढा की बाहिर. तर म्हणाले, एकडाव सायबाला कळलं की हे गाव लपवतंय, तर फुडं आपल्या कुठल्याच बोलण्यावर त्येचा इस्वास ऱ्हाणार न्हाय. आन् परत जाऊन बसले पाटावर. त्या दिसापासून जेवणावरचं मनच गेलं बघ त्येंचं."

म्हणजे तुम्हाला सगळं कळत होतं, आप्पा. माझ्यापेक्षा आधी कळलं होतं. मग पायऱ्यांवर मी तोफा डागत होतो तेव्हा एक शब्द बोलायला काय झालं होतं तुम्हाला? पण तुमचं तोंड दुसऱ्यांसाठी बोलण्यात झिजलेलं. स्वतःसाठी ते उघडायची तुम्हाला सवयच नव्हती. हे ऐकून मी अव्वांच्या उंबऱ्यात बसून रडलो आणि अव्वांनी मला गूळपाणी दिलं. म्हटलं तर सांत्वनाला मी गेलो होतो.

पुढचं मात्र मी डोळ्यांनी बघितलं. आठवडाही झाला नसेल, पहाटे गाड्यांचा आवाज आला. बाहेर येऊन बघतो तर तुम्ही हातात कंदील घेऊन दारोदार फिरताय. मागं गाड्या, सगळ्यांना चाकं लावलेली. तुम्ही पोरं गोळा करत होतात. आमच्या गल्लीत आलात, वेशीबाहेरच्या वस्तीत गेलात. तिथं तुमच्या घरातलं कुणी कधी आत गेलं नव्हतं. तुम्ही गेलात आणि तिथली पोरं उचलून तुमच्या स्वतःच्या गाडीत घातलीत. तुमच्या थोरल्यानं तोंड वाकडं केलं, तर त्याला पायी चालायला लावलंत.

आया घाबरल्या होत्या. एक जण धीर करून म्हणाली, "आप्पा, तुमीच लपवा म्हणत होताव, आन् आता तुमीच न्यायलाव?"

"व्हय. लपवणारा मीच, काढणारा बी मीच. बसीव गाडीत."

माझ्या दारात आलात. माझी जैनब उठून डोळे चोळत उभी. तिची आई तिला आत ओढायला लागली. मी सरपंच, शाळेसाठी अर्ज करणारा, पण मीसुद्धा म्हणालो, "आप्पा, ही पोरगी हाय." तुम्ही कंदील वर करून माझ्या तोंडाकडं बघितलंत.

"मग सरकार पोरीला पोर म्हणत न्हाय का? कशाला अर्ज केलास रं?"

जैनब गाडीत बसली.

तालुक्याच्या कचेरीपुढं आपण पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. लिंबाखाली पोरांच्या रांगा लावल्यात. साहेब बाहेर आले आणि बघतच राहिले. तुम्ही पुढं झालात. पागोटं नीट केलंत. हात मात्र जोडले नाहीत, हे मी बघून ठेवलं.

"साहेब, त्या दिवशी म्या तुमच्यासंगं खोटं बोललो. पोरं होती. म्या लपवली होती."

साहेब चांगला माणूस. त्यांनी कारण विचारलं नाही, हसले नाहीत, चिडले नाहीत. म्हणाले, "पाटील, ठीक आहे. तुम्ही सांगा किती आहेत, मी तसं लिहितो."

"न्हाय साहेब. माझ्या सांगण्यावर लिहू नका. मोजा."

साहेबांनी कारकुनाला बोलावलं. रांगेतून एकेक पोर पुढं सरकू लागलं. मध्येच तुम्ही एकाला दंडाला धरून बाजूला काढलंत. "हे धरू नका साहेब. हे सास्तूरचं हाय, मामाकडं आलंय." ते पोर भोकाड पसरून रडायला लागलं, त्याला वाटलं आपलं काहीतरी मोठं हुकलं. तुम्ही त्याला खांद्यावर घेतलंत आणि मोजणी संपेपर्यंत तसेच उभे राहिलात. मी कडेला उभा राहून तुमच्याकडं बघत होतो. जन्मभर ज्यानं गावातली कोंबडीसुद्धा कुणाला मोजू दिली नाही, तो माणूस गावाची लेकरं मोजून देत होता, आणि त्याच्या तोंडावर भीती होती. खरी भीती. गिरदावर शिव्या द्यायचा तेव्हाही ती मला तुमच्या तोंडावर दिसली नव्हती.

परत येताना पोरं एकमेकांवर कलंडून झोपली. तेव्हा तुम्ही म्हणालात, "हुसेन, आता त्यांनी लिहून घेतलंय. सरकारला मालूम झालं आपल्याकडं काय हाय ते. आता ध्यान ठेव." मी म्हणालो, "आप्पा, हे आपलंच सरकार हाय." तुम्ही म्हणालात, "असू दे. तरी ध्यान ठेव." त्यावर माझ्याकडं उत्तर होतं, पण मी दिलं नाही. सरपंचकीत जसजसे दिवस गेले तसतसं ते उत्तर माझं मलाच पुरेनासं झालं.

पुढच्या वर्षी शाळा आली. जैनब सातवी पास झाली आणि आज त्याच शाळेत पहिलीला शिकवते. तुम्ही तिला 'बाई' म्हणायचात, माझ्या 'सरपंच'सारखं ओढून नाही, साधं. तिला ते फार आवडायचं.

नंतर पाटीलक्या गेल्या. कायदाच झाला. तुम्ही तक्रार केली नाहीत. त्या सुमारास पंचायतीला रेडिओ मिळाला होता आणि संध्याकाळी चावडीत बातम्या ऐकायला माणसं जमायची. एकदा बातमी लागली, आफ्रिकेतला कुठलासा देश गोऱ्यांच्या हातून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी मी पेपरात वाचून सांगितलं, की तिथं गोऱ्या साहेबांनी जमातींच्या मुखियांना हाताशी धरून राज्य केलं. पट्टी गोळा करायची ती मुखियांनी, माणसं कामाला धाडायची ती मुखियांनी, आणि साहेब आला की पुढं व्हायचं तेही मुखियांनीच. तुम्ही पान लावता लावता थांबलात.

"म्हंजे पाटीलच की."

"पाटीलच."

"शिव्या बी दोन्हीकडून खाल्ल्या असतील."

"खाल्ल्या असतील."

"मग आता त्येंचं काय करणार?"

मला माहीत नव्हतं. तुम्ही पुढं कितीतरी दिवस रेडिओ लागला की विचारायचात, "त्या पाटलांचं काय झालं रं? काय सांगितलं का?" लोक हसायचे. मीही थट्टा केली, की तुमची तिकडं सोयरीक जमवायची का? तुम्ही म्हणालात, "सोयरीकच हाय. न बघितलेली." रेडिओनं त्या मुखियांचं पुढं काही सांगितलं नाही. मीही पेपरात शोधलं, मला काही दिसलं नाही. पण तुम्हाला त्यांची काळजी वाटत होती, आणि त्या सबंध चावडीत ती तुम्हा एकट्यालाच वाटत होती. तुम्ही गेल्यापासून मला उगीच वाटतं, तिकडंही कुठं एखादा म्हातारा झाडाखाली बसला असेल, रस्ता दिसेल असा. त्याच्याही समोर एखादा दर्जी असू दे, भांडायला.

शेवटची वर्षं तुम्ही सुखात काढलीत, हे मला लिहून टाकलं पाहिजे. पाटीलकी गेल्यावर तुमची झोप वाढली. सकाळी माझ्या ओट्यावर, दुपारी शाळेच्या भिंतीच्या सावलीला. पोरं पाढे म्हणायची आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. चुकलं की काठी आपटायचात. तुमच्या जाण्याचं दुःख आहेच, पण आप्पा, ते रुसलेलं दुःख नाही. तुम्ही मला हवे तेवढे मिळालात. फक्त अव्वांनी सांगितलं ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. मी तरीही म्हणालो असतो की तुमचं चुकलं, आणि तरीही रडलो असतो.

आता तुम्हाला शेवटचं नेलं त्या दिवसाचं. तुमच्या रीतीप्रमाणं तुम्हाला मखरात बसवलं होतं, मांडी घालून, कपाळभर भस्म लावून. पुढं मंत्र म्हणणारे जंगम, मागं सगळं गाव. लिंगायतांच्या बरोबरीनं मीही खांद्याला होतो, कुणी अडवलं नाही. शाळेवरून जाताना मास्तरांनी आणि जैनबनं वर्ग सोडले. तेवढ्यात समोरून सरकारी जीप आली. कसल्याशा रस्त्याच्या कामाला निघालेला तरणा साहेब होता, नवा. त्यानं जीप थांबवली, उतरला, टोपी काढली. आणि पोरं धावली. शाळेतून, गल्ल्यांतून, वेशीबाहेरून, नुसता लोंढा. जीपला गराडा घातला, एक टायरवर चढलं, एकानं भोंगा दाबला. तुम्ही समोर मखरात बसलेले आणि यांचा हा दंगा. एकाही आईनं आपलं पोर आत ओढलं नाही.

साहेब गोंधळून म्हणाला, "बापरे, केवढी पोरं! ही सगळी याच गावची?"

सरकारनं असं काही विचारलं की बोलायचं तुम्ही, ही गावाची जुनी सवय. खांद्यावर ओझं असताना माझी मान वर तुमच्याकडं वळली. मग मला दिसलं की गाव थांबलंय आणि सगळे माझ्याकडं बघतायत.

मी म्हणालो, "व्हय साहेब. सगळी आमचीच."